खळ लावलेले बूट

आमच्या गल्लीतून सकाळच्या वेळी सायकल काढायची म्हणजे ती आधी खांद्यावर घ्यावी लागे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणाचा ना कोणाचा ताणा पसरलेला असायचा. ताणा म्हणजे लुगड्याची उभी सुतं, मागावर चढवायच्या आधी कमरेएवढ्या उंचीवर आडव्या बांबूंवर ताणून धरलेली. नागपुरात इतवारीच्या पलीकडची आमची विणकरांची वस्ती. दूधवाला ताण्याखालून वाकून जाई, पोस्टमन शिव्या घालत भिंतीला घासून जाई, आणि गल्लीत नवी सून आली की तिला चूल दाखवायच्या आधी पदर सावरून ताण्याखालून कसं निघायचं ते दाखवत. धागा तुटला तर सगळी गल्ली तोंड सोडायची. मी लहानपणी जितका मार खाल्ला त्यातला अर्धा तरी ताण्यापायीच खाल्लेला आहे.

घरात दोन खोल्या, त्यातली मोठी मागाची. आमच्या घरात माग होता म्हणण्यापेक्षा मागाच्या घरात आम्ही राहत होतो म्हणणं बरोबर. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत, पायांनी पावड्या दाबत, हाताने दोरी ओढत, आणि धोटा इकडून तिकडे पळे. खटक-खट, खटक-खट. त्या आवाजात मी अभ्यास केला, तापानं फणफणलो, आणि खरं सांगतो, मला त्याशिवाय झोप येत नसे. माय दाराशी चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसे. तिच्या चरख्याची कुईकुई थांबली की बाबा मान वर न करता विचारत, "का झालं वं?" आणि माग थांबला की माय विचारी, "का झालं?" यापेक्षा जास्त त्या दोघांचं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही. तेव्हा मला वाटे, यांचं एकमेकांशी काही नाहीच.

महिन्यातून एखाद्या सकाळी आमचा ताणा गल्लीत यायचा. त्या दिवशी पांजणी. सुताला खळ पाजल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, पिंजतं आणि तुटतं. माय पहाटे उठून तांदळाच्या कण्या शिजवी. कण्या मामाच्या घरच्या, रामटेककडच्या धानाच्या. त्यांची पातळ, गुळगुळीत खळ, वर थेंबभर तेल. मग ताण्याच्या एका अंगाला बाबा, दुसऱ्या अंगाला माय, दोघांच्या हातात लांब कुंचा. दोघांनी एकाच वेळी हात टाकायचा, एकाच पावलाने चालायचं, आणि कुंचा सुतावरून ओढत गल्लीच्या त्या टोकापर्यंत जायचं. मग परत. मग पुन्हा. ऊन चढेपर्यंत हेच. एकाचा हात आधी पडला की दुसऱ्या अंगाचं सूत लचकतं आणि तुटतं. तुटलेला एकेक धागा हुडकून गाठ मारत बसा मग. काम संपलं की बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, वर लाल तर्री, ज्वारीची भाकर, आणि नाकातून धो धो पाणी. माझ्या लेखी पांजणीचा अर्थ एवढाच होता.

कारण मी तेव्हा रबर होत होतो. हसू नका. सदरला एक व्हिडिओ पार्लर होतं, तिथे बाहेरदेशची एक कॅसेट आली होती. रस्त्यावर पुठ्ठे टाकून नाचणारी पोरं. कोणाच्या अंगात हाडच नाही, कोणी पाठीवर भोवऱ्यासारखा फिरतो आहे, कोणी पुढे चालल्यासारखा दिसतो आणि मागे घसरतो. पार्लरवाल्या भाऊला मस्का लावून आम्ही तीच ती दोन मिनिटं पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहायचो. घरी येऊन, ताणा उचलला की रिकाम्या गल्लीत मी तेच करायचो. मनगटापासून खांद्यापर्यंत लाट काढायला मला दोन महिने लागले. उलटं घसरणं काही केल्या जमत नव्हतं. गल्लीत त्याला सगळे 'बिरेक डान्स' म्हणत. समोरची जनाकाकू मायला ओरडून विचारायची, "तुह्या वासूले इच्चू चावला का वं?" माय म्हणायची, "नाही वं, नाचून राहिला तो." तिच्या सांगण्यात कौतुकही नसे आणि लाजही नसे.

माझ्याबरोबर दिल्या. शेजारच्या घरचा, माझ्याच वर्गातला, नापासही माझ्याबरोबरच झालेला. दिल्याचं अंग म्हणजे सागवान. लाट काढायला सांगितली तर कोपरात अडकायची. पण पुठ्ठा तो आणायचा, भाटव्याचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, टेपरेकॉर्डर तोच मागून आणायचा, आणि मी काही करून दाखवलं की तोंड उघडं टाकून पाहत राहायचा. मी त्याला काय काय बोललो असेन, आता आठवलं तरी मान खाली जाते. "अबे, ढोर नाचते का असं?" हे तर रोजचं. तो हसून म्हणायचा, "तू पुन्हा दाखव ना बे." माझं मत पक्कं होतं, नाच म्हणजे जे दुसऱ्याच्या अंगाला जमत नाही ते आपल्या अंगाला जमणं.

त्या पावसाळ्यात बाबांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. चार-पाच ओळी विणल्या की कळ मस्तकात जाई. एका संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि गुपचूप सांगितलं, "वासू, गणपतीपर्यंत नाच. मंग मागावर बस. माह्याच्यानं आता दोरी ओढवत नाही गा." रागावले असते तर मी भांडलो असतो. पण ते माझ्याकडे न पाहता खांद्याला तेल चोळत बोलत होते. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कारण माझ्या खिशात एक कागद होता. धरमपेठेतल्या एका गणेश मंडळाने रस्त्यावरच्या नाचाची स्पर्धा ठेवली होती, जोडीजोडीनं. परीक्षक म्हणून सदरचा एक ऑर्केस्ट्रावाला येणार होता आणि जो आवडेल त्याला आपल्या ऑर्केस्ट्रात घेणार होता. त्याचा ऑर्केस्ट्रा रायपूरपासून अमरावतीपर्यंत फिरायचा. निवडला गेलो तर मी गाडीत बसून गावोगावी नाचणार. नाही, तर खड्ड्यात पाय सोडून बसणार. इतकं सोपं होतं ते. जोडी पाहिजे म्हणून दिल्याला घेतलं, एवढाच दिल्याचा हिशेब.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी पावसानं उघाड दिली. आमचा ताणा बाहेर निघाला. बाबांच्या जागी कुंचा घेऊन मी उभा राहिलो. मनात म्हटलं, ह्यात काय आहे, चालायचं तर आहे. अर्ध्या नागपुरात माझ्यासारखे पाय कोणाचे नाहीत. चार पावलं गेलो नाही तो कट्‌कन आवाज आला. मग दुसरा. मायचा हात पडायचा तेव्हा माझा हवेत, माझा पडायचा तेव्हा तिचा पुढे गेलेला. मी पावलं मोजू लागलो, पायांकडे पाहू लागलो, तसं जास्तच बिघडलं. वीस-बावीस धागे गेले असतील. जनाकाकू खिडकीतून पाहत होती. माझे कान तापले.

"बाबू, खाली कायले पाहून राहिला?" माय म्हणाली.

"मंग कुठं पाहू?"

"माह्याकडे पाह्य."

"तुह्याकडे पाहून सूत दिसते का?"

"सूत नाही दिसत. माहा हात कवा पडते ते दिसते."

ओट्यावरून बाबा बोलले, "पाय चांगले हायेत त्याचे. डोये कुठं हायेत कोण जाणे." मला इतका राग आला की मी कुंचा बादलीत आपटला आणि निघून गेलो. उरलेली पांजणी दिल्याने केली. गपचूप येऊन माझ्या जागी उभा राहिला, आणि एकही धागा तुटला नाही. माय सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दिल्याचा हात लई गोड हाय." त्या दिवशी पाटोडीचा रस्सा मी जेवलो नाही. आजवर त्याची हळहळ आहे.

पण कुंचा बादलीत आपटल्यामुळे एक गोष्ट झाली. खळ फरशीवर सांडली आणि तावातावाने तिच्यावरून निघताना माझा कॅनव्हासचा बूट सर्रकन मागे घसरला. अगदी कॅसेटमधल्यासारखा! माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. महिनोन् महिने जे जमत नव्हतं ते घरच्या बादलीत होतं. स्पर्धेच्या दुपारी मी मायची नजर चुकवून मूठभर कण्या शिजवल्या, डबाभर खळ केली आणि चारी बुटांच्या तळांना चोपडली, माझ्याही आणि दिल्याच्याही. गल्लीत घसरून पाहिलं. लोणी!

दिल्या म्हणाला, "वाश्या, हे वाळंल ना बे."

"तू चूप राह्य. तुले डान्समधलं का समजते?"

विणकराचं पोर असून मी हे बोललो. खळ वाळते आणि वाळली की कडक होते, म्हणून तर ती सुताला लावतात! आमच्या गल्लीतल्या तीन वर्षांच्या पोराला जे ठाऊक होतं ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. बूट पिशवीत घालून आम्ही डबलसीट धरमपेठेत गेलो.

तिथला रस्ता म्हणजे वेगळंच नागपूर. दोन्ही बाजूंना हॅलोजन, बंगल्यांच्या गच्च्यांवर माणसं, मधोमध अंथरलेली मोठी ताडपत्री. पाऊस नुकताच भुरभुरून गेला होता, मंडळाची पोरं ताडपत्री पुसत होती. आमचा नंबर शेवटून तिसरा. दोन तास आम्ही मांडवामागे उभे, पाऊस अधूनमधून भुरभुरतच होता. पिशवीतून बूट काढले तेव्हा तळ पापडासारखे कडकडीत. मी म्हटलं, हरकत नाही, कडक तर कडक. पण वाळलेल्या खळीला ओल लागली की ती पुन्हा जागी होते, आणि तेव्हा ती घसरत नाही, धरते. टेप सुरू झाला, मी ओल्या ताडपत्रीवर ऐटीत मागे घसरायला गेलो, आणि अंग मागे, पाय तिथेच. मी दाणकन बसलो. उठलो, पाय उचलला तर चर्रकन आवाज. गर्दीत खसखस पिकली. पुढच्या रांगेत बसलेला ऑर्केस्ट्रावाला शेजारच्याशी बोलू लागला. मला वाटलं, संपलं. आता आयुष्यभर खड्डा.

मी खाली माझ्या पायांकडेच पाहत होतो. मग मायचं बोलणं आठवलं म्हणा, की आणखी काही म्हणा, मान वर केली. समोर दिल्या, त्याचेही पाय चिकटलेले, हात पसरून तोल सांभाळत उभा. आणि तो स्वतःच्या पायांकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता. पुढे काय करायचं ते मी सांगेन म्हणून वाट पाहत होता. इतक्या महिन्यांत तो सतत माझ्याकडेच पाहत होता, आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मला रडू यायच्या बेतात होतं. मी खाली बसून बूट काढले. त्यानेही काढले. टेप वाजतच होता. मी उजवा हात उचलला, आणि तो कॅसेटमधल्यासारखा न उचलता कुंचा धरल्यासारखा उचलला. का, ते सांगता येणार नाही. दिल्याचा हात त्याच क्षणी वर आला.

आम्ही चाललो. ताडपत्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, समोरासमोर, मध्ये ताण्याएवढी जागा सोडून. माझा हात पडला की त्याचा पडे. माझ्या मनगटातून निघालेली लाट खांद्यापर्यंत गेली, आणि तिथून ती कुठे जायची ते मला कधी कळलं नव्हतं. ती दिल्याच्या खांद्यात गेली. त्याच्या सागवानी कोपरात अडकली, अडकून पुढे सरकली, आणि ते अडकणंच इतकं सुंदर दिसत होतं की मी पुढच्या खेपेला मुद्दाम थांबलो, त्याच्यासाठी. मध्ये काही नव्हतं, तरी मी धागा जपत होतो. त्या परक्या गाण्याच्या ठेक्यात खटक-खट होतीच, ती मी पहिल्यांदा ऐकली. आपण कसे दिसतो हा विचार त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या डोक्यात आला नाही. तसं पुन्हा आयुष्यात फार वेळा झालं नाही, म्हणून सांगतो.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, झाडू मारून राहिले का?" मोठा हशा झाला. टाळ्याही झाल्या, पण त्या आमचं आटोपलं म्हणून. निवड दुसऱ्याच पोराची झाली, आणि तो खरोखर चांगला नाचला होता, पाठीवर सात वेळा फिरला. जाताना ऑर्केस्ट्रावाल्याने मला जवळ बोलावलं. "हाथ अच्छे हैं तेरे. पण ते शेवटी काय होतं?"

"पांजणी," मी म्हणालो, आणि त्याला चार शब्दांत सांगितलं.

त्याने मान हलवली. "पब्लिक को समझना चाहिए ना, भाई." तो चूक बोलला असं मला आजही वाटत नाही.

परत येताना सायकल दिल्या चालवत होता. बूट हँडलला लटकत होते. तो म्हणाला, "मजा आली ना बे?" हरल्याचं दुःख होतंच. पण दुसरंच एक काहीतरी टोचत होतं. तो 'झाडू'. मायच्या कामाला मी धरमपेठेच्या रस्त्यावर नेलं आणि लोक हसले. दिल्याच्या पोटात काही राहत नाही, सकाळपर्यंत हे गल्लीभर होणार, आणि मायच्या कानावर जाणार.

पुढे मी मागावर बसलो, सहा वर्षं विणलं, मग यंत्रमागांनी आमची गल्ली मोकळी केली आणि मी एका कचेरीत शिपाई म्हणून लागलो. साठीला आलो आता. संध्याकाळी वस्तीतली पोरं ओट्यावर येतात नाच शिकायला. त्यांच्या मोबाईलमध्ये जगातले सगळे नाच आहेत, मी त्यांना काय शिकवणार? मी पहिले आठ दिवस काहीच शिकवत नाही. दोघांना समोरासमोर उभं करतो आणि नुसतं चालायला लावतो. खाली पाहिलं की ओरडतो. पोरं कंटाळतात, काही पळून जातात. जी राहतात ती नाचतात. नात म्हणते, आजोबा, तुमची पद्धत विचित्र आहे. मी म्हणतो, असेल बाप्पा.

तर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं, आणि मायने मला हलवून उठवलं. "ऊठ, ताणा काढला." पाहतो तर पावसानं खोळंबलेला दुसरा ताणा गल्लीत पसरलेला, बादलीत खळ वाफाळती, बाबा ओट्यावर खांदा शेकत बसलेले. दिल्याची आई मायशी काहीतरी बोलून नुकतीच आत गेली होती. म्हणजे कळलं होतं. मी कुंचा उचलला आणि माझ्या जागी उभा राहिलो. मायच्या खांद्याकडे पाहिलं. तिचा खांदा किंचित उचलला, माझाही उचलला. हात पडला. आम्ही चाललो. त्या टोकाला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तिच्या कपाळावरची घामाची धार, नाकातली चमकी, हात टाकायच्या आधी ओठ आवळायची तिची सवय. सतरा वर्षं ही बाई माझ्यासमोर होती आणि मी हे पाहिलं नव्हतं. ऊन चढलं. एकही धागा तुटला नाही. बाबांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली आणि ते आम्हालाच पाहत राहिले.

जेवायला बसलो. पाटोडीचा रस्सा होता. माय नखांवरची वाळलेली खळ खरवडत होती आणि मी आता ती बोलेल, आता बोलेल म्हणून खाली मान घालून भाकर कुस्करत होतो.

"काल धरमपेठेत असाच नाचला का तू? आज चालला तसा?"

"हो."

तिने नखं खरवडायचं थांबवलं. मग माझ्या ताटात आणखी एक पाटोडी वाढली आणि खऱ्याखुऱ्या रागाने म्हणाली, "मंग त्याईनं नंबर काहून नाही देल्ला?"